एका घरातल्या तीन लिप्या आणि निर्मलचे ग्रंथालय

सार्वजनिक ग्रंथालयात दाखल झालेल्या पुस्तकाला नवे केव्हा म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. छापखान्यातून ते अलीकडेच बाहेर पडले एवढ्यावरून पुस्तकविक्रेत्याच्या दृष्टीने ते नवे ठरते. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र ज्या वाचकासाठी आजवर कपाटात काहीच नव्हते त्याच्यासाठी काही आले, तर ते पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले असले तरी नवेच असते. तेलंगणातील निर्मलसारख्या सीमेलगतच्या गावाला ही दुसरी कसोटी अधिक लागू पडते, कारण ‘सर्व वयोगटांच्या वाचकांसाठी’ हे ग्रंथालयांच्या माहितीपत्रकांत सर्रास आढळणारे शब्द तेथे खरे करायचे, तर केवळ मुलांचे एक कपाट आणि मोठ्यांची चार कपाटे मांडून भागत नाही.

निर्मल हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जुने गाव हलक्या लाकडाच्या रंगीत खेळण्यांसाठी आणि नकाश म्हणजे चितारी कारागिरांच्या चित्रांसाठी देशभर ओळखले जाते. 11 ऑक्टोबर 2016 रोजी आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत ते त्या जिल्ह्यात होते. आता ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भैंसा, मुधोळ, कुबीर, तानूर ही मंडले, म्हणजे महाराष्ट्रातील तालुक्यापेक्षा लहान असे महसुली विभाग, नांदेड जिल्ह्याला भिडलेली असून तेथे घरात मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्याच बाजूला गोदावरीच्या काठी बासर येथे सरस्वतीचे देऊळ आहे आणि तेथे अक्षराभ्यासासाठी, म्हणजे मुलाच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी, तेलुगू आणि मराठी अशी दोन्हीकडची कुटुंबे येत असतात. जुन्या अविभक्त जिल्ह्याचा विचार केला तर तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी इतक्या भाषा एकाच मुलखात नांदताना दिसतात.

या मुलखाचे वैशिष्ट्य असे की येथे वाचकाचे वय आणि त्याची लिपी यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले, आणि त्यामुळे 1948 पूर्वी प्राथमिक शाळेच्या पुढे गेलेल्या माणसाची वाचनाची सवय, घरची भाषा तेलुगू असो वा मराठी, बहुधा उर्दू अक्षरांवर घडली. पुढच्या पिढ्या तेलुगू किंवा मराठी माध्यमात शिकल्या. तेलंगणा सरकारने 2022-23 या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणल्यावर नातवंडांची पाठ्यपुस्तके आणखी निराळी झाली. परिणामी मुधोळकडच्या एखाद्या घरात आजी देवनागरी वाचते, वडील तेलुगू वाचतात, मुलगी इंग्रजी वाचते आणि तिघेही जेवताना मराठीत बोलतात, असे चित्र दिसले तर त्यात आश्चर्य नाही. अशा घराला ग्रंथालयाने पुस्तके द्यायची म्हणजे वयाबरोबर लिपीचाही हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब कोणी ठेवायचा, हे कायदा ठरवतो, आणि ग्रंथालयाच्या कायद्याबाबत सीमेच्या दोन बाजूंना दोन निराळ्या रीती आहेत. हैदराबाद राज्याने 1955 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता; आंध्र प्रदेश निर्माण झाल्यावर त्याची जागा 1960 च्या कायद्याने घेतली आणि तेलंगणाने तीच व्यवस्था पुढे चालवली. या व्यवस्थेत ‘जिल्हा ग्रंथालय संस्था’ नावाची कायद्याने स्थापन झालेली यंत्रणा जिल्ह्यातील ग्रंथालये चालवते आणि तिच्या खर्चासाठी मालमत्ता करावर दर रुपयामागे 8 पैसे ग्रंथालय उपकर घेतला जातो. उपकर म्हणजे मुख्य कराबरोबर विशिष्ट कामासाठीच वसूल होणारी जादा रक्कम. महाराष्ट्राने 1967 चा कायदा करताना उपकराची वाट धरली नाही. तेथे गावातील मंडळींनी संस्था स्थापून ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून त्यानुसार अनुदान द्यायचे, अशी रीत आहे. गंमत अशी की 1956 पर्यंत किनवट आणि निर्मल हे एकाच आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके होते. राज्यपुनर्रचनेत किनवट मराठी मुलखाबरोबर गेले, निर्मल तेलुगू मुलखात राहिले, आणि एका जिल्ह्यातील दोन तालुक्यांचे वाचक कालांतराने दोन निराळ्या ग्रंथालय-कायद्यांखाली आले.

दोन्ही रीतींना आपापले गुणदोष आहेत. महाराष्ट्रातील ग्रंथालय अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते, पण त्याची ग्रंथनिवड गावातल्या कार्यकारिणीच्या हातात असते आणि तिच्यात एखादा हौशी वाचक असला तर कपाटाचा रंगच बदलतो. उपकराच्या रीतीत उत्पन्नाला कायद्याचा आधार मिळतो. मात्र वसूल झालेला उपकर ग्रंथालयाच्या खात्यात वेळेवर पोहोचत नाही ही त्या क्षेत्रातील जुनी तक्रार आहे, आणि पुस्तकांची निवड जितकी वरच्या पातळीवर होते तितकी बहुसंख्यांच्या भाषेकडे ती झुकते. संपूर्ण राज्याचा विचार करणाऱ्याला पश्चिम टोकाच्या चार मंडलांतील मराठी वाचक संख्येने नगण्य वाटला तर त्यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. पण भैंशाच्या वाचनालयात बसलेल्या वाचकाला तो राज्याच्या सरासरीत मोडत नाही हे समजावून काय उपयोग?

नवे पुस्तक वाचकापर्यंत पोहोचते ती वाट एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. गठ्ठा सुटला की प्रत्येक प्रत बिलाशी ताडून पाहिली जाते, मग दाखल नोंदवहीत तिला एक क्रमांक मिळतो. हा दाखल क्रमांक म्हणजे त्या प्रतीचा जन्मदाखलाच, कारण एकाच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या तरी क्रमांक तीन असतात. मुखपृष्ठामागच्या पानावर आणि आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का उमटतो, शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटते, आणि पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक लिहिलेली चौकोनी पट्टी लागते. वर्गांक म्हणजे विषयाचा आकड्यांतील पत्ता. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत साहित्याला 800 ते 899 हे आकडे दिलेले असून त्यांत मराठी साहित्य 891.46 वर, तर तेलुगू साहित्य 894.827 वर येते. ड्यूईच्या मांडणीत भाषाकुळांना महत्त्व असल्यामुळे मराठी ही आर्य कुळातील भाषांबरोबर आणि तेलुगू ही द्राविड कुळातील भाषांबरोबर बसते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच, पण निर्मलच्या बाजारात एका वाक्यात दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाला ग्रंथालयात मात्र एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठी मधली फळी ओलांडावी लागते.

ही फळी ओलांडायला वाचकाला मोकळीक आहे की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कपाटाला कुलूप लावून खिडकीतून पुस्तक देण्याची रीत अनेक जुन्या वाचनालयांत होती. तिच्याऐवजी वाचकाने स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक हाताळण्याच्या रीतीला मुक्तद्वार पद्धती म्हणतात. शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा रोख तोच होता: ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यांतील तिसरे सूत्र सर्वांत दुर्लक्षित आहे. तेलुगूबहुल कपाटात कोणी न मागता आलेली दहा मराठी पुस्तके त्यांचा वाचक शोधत पडून राहतात, दोन वर्षांनी ‘मागणी नाही’ असा शेरा बसतो आणि पुढची खरेदी थांबते. प्रत्यक्षात ती आली आहेत हेच कोणाला कळलेले नसते. नव्या पुस्तकांची यादी फलकावर लावणे आणि ती यादी त्या-त्या लिपीत लिहिणे, हा साधा उपाय बऱ्याचदा सुचत नाही, एवढेच.

मुलांच्या पुस्तकांबाबत परिस्थिती तुलनेने आशादायक आहे, कारण या क्षेत्रात मराठी आणि तेलुगू यांचा शेजार जुना आहे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेल्या ‘चंदमामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने 1952 मध्ये निघाली, आणि विक्रम-वेताळाच्या त्याच गोष्टी, तीच चित्रे निर्मलच्या तेलुगू मुलाने आणि नांदेडच्या मराठी मुलाने आपापल्या अक्षरांत वाचली. आज ते मासिक राहिलेले नाही; पण त्यामागची कल्पना, म्हणजे चित्र एकच आणि मजकूर दोन भाषांत, नव्या बालपुस्तकांनी अधिक नेटकेपणाने पुढे नेली आहे. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक चित्रपुस्तके एका पानावर इंग्रजी आणि एक भारतीय भाषा शेजारी ठेवतात, आणि त्यांत तेलुगू व मराठी दोन्ही आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अनेक भारतीय भाषांत मिळतात. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या डिजिटल संग्रहातील गोष्टी मुक्त परवान्याखाली, म्हणजे उतरवून घेण्याची, छापण्याची आणि भाषांतर करण्याची आधीच परवानगी देऊन, ठेवलेल्या आहेत. त्यामुळे एखाद्या लहान शाखेत मराठी पुस्तके विकत घ्यायला पैसे नसले तरी छापण्याच्या यंत्रावर एक गोष्ट दोन लिप्यांत काढून देता येते.

येथे ‘वाचनपातळी’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. मूल किती वर्षांचे आहे यापेक्षा ते किती लांबीचे वाक्य, किती जोडाक्षरे आणि पानावर किती ओळी पेलू शकते, यावरून पुस्तक निवडणे म्हणजे वाचनपातळीनुसार निवडणे. इंग्रजी माध्यमात पाचवीत असलेल्या मराठी मुलीची इंग्रजीतील पातळी पाचवीची असली तरी मराठीतील पातळी पहिलीची असू शकते, कारण मराठी ती कानाने शिकली आहे, डोळ्यांनी नाही. तिच्या हाती पाचवीच्या वयाचे मराठी पुस्तक दिले तर ती अडखळते आणि पहिलीचे दिले तर तिला ते बाळबोध वाटते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी चित्रपुस्तके आणि त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे बालगट व कुमारगटासाठीचे भाग अशा वेळी कामाला येतात, कारण त्यांत चित्रांना मजकुराइतकेच वजन आहे आणि अक्षरे अपुरी पडली तरी वाचन थांबत नाही. सीमाभागातील बालविभागाने खरेदीची यादी करताना चित्रपुस्तकांवरचा खर्च चैनीचा मानणे चुकीचे आहे. तो त्या विभागाचा पाया आहे.

बालविभागाच्या कल्पनेची मुळे मराठी माणसाला परकी नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे खाते उभारले, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन केले आणि खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके पाठवली. आज निर्मलहून कुबीर-तानूरकडे एखादी मराठी पेटी महिन्याने अदलाबदल करून फिरवायची ठरवली, तर त्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही.

गोंडी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आणि याहून रंजक आहे. निजाम सरकारचे सल्लागार म्हणून आदिलाबादेत आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडोर्फ यांनी 1943 मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले, तेव्हा मुलांसाठी तयार झालेली गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली. त्याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेत असलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे मराठी गृहस्थ गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले. शिवकालाचे अभ्यासक म्हणून त्यांना ओळखणाऱ्या मराठी वाचकांना त्यांची ही बाजू फारशी ठाऊक नसते. पुढे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडी भाषेची स्वतःची लिपी असलेली जुनी हस्तलिखिते उजेडात आली, ती वाचू शकणारी वृद्ध माणसे गावातच निघाली, आणि ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीला 2018 मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात जागा मिळाली. अर्थात लिपी संगणकात आली म्हणून पुस्तके आपोआप तयार होत नाहीत. पण जिल्हा ग्रंथालयात गोंडीतील पहिले बालपुस्तक जेव्हा दाखल होईल, तेव्हा त्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरे असावीत, तेलुगू की गुंजाळा, हा निर्णय ग्रंथपालाला घ्यावाच लागेल.

तरुणांच्या गटाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना सार्वजनिक ग्रंथालयांच्या टेबलांवर दिवसभर बसणारा वाचक हा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार असतो, त्याला तेलुगू अकादमीची पाठ्यपुस्तके, चालू घडामोडींची मासिके आणि विजेचा दिवा हवा असतो, आणि तो हक्काने मागतो म्हणून त्याला ते मिळते. मात्र खरेदीचा मोठा वाटा या एका गटाकडे गेला की ग्रंथालयाची अभ्यासिका होते. आणि परीक्षा संपल्यावर तोच उमेदवार पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाही.

प्रौढ वाचकासाठी नवे काय घ्यावे, याचे उत्तर निर्मलला स्वतःच्या भूगोलात सापडू शकते. गोदावरीवर पोचमपाड येथे बांधलेल्या श्रीरामसागर धरणाच्या पाण्याखाली या मुलखातील गावे गेली. धरणग्रस्तांच्या जगण्यावरची कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी कोल्हापूरकडच्या मातीतली असून 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आहे, आणि गोदावरीकाठच्या मराठी वाचकाला तिचा विषय समजावून सांगावा लागणार नाही. भाषांतरांचे दालनही रिकामे नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे तेलुगू भाषांतर ‘अबला जीवितम्’ या नावाने पी. व्ही. नरसिंह राव यांनी केले होते; पुढे पंतप्रधान झालेल्या या तेलुगू माणसाने मराठी उत्तम अवगत करून घेतली होती आणि रामटेकमधून तो लोकसभेवरही निवडून गेला होता. मूळ मराठी आणि तेलुगू भाषांतर या दोन प्रती एका फळीवर शेजारी ठेवल्या, तर आजी आणि वडील एकच कादंबरी आपापल्या अक्षरांत वाचू शकतात; वर्गांकाचा नियम थोडा वाकवावा लागेल, पण ड्यूईचे त्याने काही बिघडत नाही.

तेलुगू ग्रंथालय चळवळीच्या मुळाशीही हाच शेजार आहे. हैदराबादेत 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले होते आणि ते मराठीतही लेखन करीत. सामान्य वाचकाला इतिहास आणि विज्ञान सोप्या तेलुगूतून मिळावे म्हणून त्यांनी पुढे विज्ञान चंद्रिका मंडळी ही ग्रंथमाला उभारण्यात पुढाकार घेतला. हैदराबादच्या मराठी मंडळींनी 1922 मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापले. राजधानीत दोन्ही भाषांची ग्रंथालये अशी लवकर उभी राहिली; जिल्ह्याच्या गावांकडे मात्र तोच विचार सावकाश आला.

वृद्ध वाचकाकडे ग्रंथालये सहसा वर्तमानपत्रापुरती पाहतात. मोठ्या टंकातील पुस्तके मराठीत आणि तेलुगूत थोडी निघतात, ती मुद्दाम शोधून घ्यावी लागतात. आणि उर्दूत शिकलेल्या, आता नव्वदीकडे झुकलेल्या वाचकासाठी कपाटातील जुनी उर्दू पुस्तके ‘जीर्ण’ या शेऱ्याखाली बाद करण्यापूर्वी दोनदा विचार व्हायला हवा. ग्रंथ बाद करणे हे ग्रंथालयाचे आवश्यक काम आहे, जागा त्यातूनच मिळते. पण त्यात लिपी हा निकष कधीही येता कामा नये. दृष्टिहीन वाचकासाठी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 पासून निघते, हेही सीमाभागातील ग्रंथपालांनी लक्षात ठेवावे. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याची पहिली आवृत्ती 1949 ची आणि अलीकडची 2022 ची. वय आणि भाषा यांवरून वाचकात भेद करू नये आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास तरतूद असावी, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

राहिला खरेदीचा प्रश्न. प्रत्येक ग्रंथालयात वाचकांच्या मागणीची वही ठेवण्याचा प्रघात असतो. काही ठिकाणी ती मागावी लागते. ज्याचा मालमत्ता कर वर्षाला 1,000 रुपये आहे, तो ग्रंथालयाचे दार न पाहताही 80 रुपये ग्रंथालयासाठी भरत असतो. तेव्हा भैंसा, मुधोळ, कुबीर आणि तानूरच्या मराठी वाचकांनी या वर्षी कर भरल्यावर एकदा वाचनालयात जावे, ती वही मागून घ्यावी, आणि पुस्तकाचे नाव, लेखक व प्रकाशक असे तिन्ही तपशील मराठीत नीट लिहून खाली सही करावी.